काम थांबलं की कंत्राटदार मोडतो. मग रेल्वेचे ठेकेदार वालचंद हिराचंद का मोडले नाहीत?

जूनमध्ये पहिला जोरदार पाऊस झाला की कळवण तालुक्यातली रस्त्यांची कामं थांबतात. ओल्यावर डांबर बसत नाही. खडीचा डंपर चिखलातून साईटपर्यंत पोचत नाही. पश्चिमेच्या आदिवासी गावांतले मजूर आपापल्या शेतात भात आणि नागलीच्या लावणीला निघून जातात. मिक्सर ताडपत्रीखाली झाकला जातो आणि रोलर रस्त्याच्या कडेला उभा राहतो.

बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला कापला जातो.

पावसाळा संपला की कधी आचारसंहिता लागते. काम झालं तरी बिल मार्चअखेरीची वाट बघत बसतं. थकीत बिलांसाठी राज्यातल्या कंत्राटदारांनी अलीकडच्या वर्षांत आंदोलनंही केली आहेत. कंत्राटदारीत काम मिळवणं अवघड असतंच. पण काम नसलेले महिने पार पाडणं त्याहून अवघड.

कळवणजवळून वाहणारी गिरणा पुढे मालेगाव तालुक्यात जाते. याच मालेगाव तालुक्यात रावळगाव आहे. रावळगावच्या गोळ्या न खाल्लेला माणूस महाराष्ट्रात सापडणं कठीण. पण ज्या माणसाने रावळगावचा कारखाना उभा केला, तो मूळचा गोळ्या-चॉकलेटवाला नव्हता आणि साखरवालाही नव्हता. तो रेल्वेचा ठेकेदार होता.

त्यांचं नाव वालचंद हिराचंद. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही धंद्यांत उतरलेला उद्योगपती म्हणून त्यांची ओळख सांगितली जाते. त्यांचा मूळ धंदा बांधकामाच्या कंत्राटाचा होता, हे मात्र मागे पडतं. त्यांचं आयुष्य कंत्राटदाराच्या नजरेने पाहिलं की वेगळीच गोष्ट दिसते.

कारकून आणि सावकाराचा मुलगा

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. गुजरातेतून येऊन सोलापुरात स्थायिक झालेलं जैन घराणं. घरात सावकारी आणि कापसाचा व्यापार. आई ते अगदी तान्हे असतानाच गेली. शाळा सोलापुरात झाली, पुढे मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज. नंतर घरच्या पेढीवर बसले, पण व्याज मोजण्यात त्यांचं मन रमलं नाही.

अशात गाठ पडली लक्ष्मणराव फाटक यांच्याशी. फाटक रेल्वेत कारकून होते आणि नोकरी सोडून कंत्राटं घेऊ लागले होते. कुठलं काम निघणार, दर काय भरायचा, मोजमाप कसं होतं, साहेब कशावर अडतो, हे सगळं त्यांना माहीत होतं. नव्हता तो पैसा.

वालचंद यांच्याकडे उलटी परिस्थिती. रूळ टाकण्यातलं ज्ञान शून्य, पण मागे पेढीची पत उभी.

दोघांनी भागीदारी केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्शी लाईट रेल्वेच्या विस्ताराचं काम त्यांनी घेतलं. ही अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे, सोलापूर भागातल्या लोकांच्या जिव्हाळ्याची. पुढे फाटक-वालचंद हे नाव रेल्वेच्या ठेकेदारीत चालू लागलं.

ही भागीदारी समजून घेतली पाहिजे, कारण कंत्राटाच्या धंद्याचं गणित तिच्यातच दडलेलं आहे. ठेकेदाराला पैसे काम झाल्यावर मिळतात. त्याआधी अनामत भरायची, माल आणायचा, मुकादमाला उचल द्यायची, मजुरांचा आठवडा चुकता करायचा. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली की बिल निघतं आणि त्यातूनही काही रक्कम हमी म्हणून कापून ठेवली जाते. म्हणजे भरपूर काम हातात असलेला ठेकेदारसुद्धा रोख पैशावाचून अडकू शकतो. काम कमी झालं की मग तर विचारायलाच नको.

फाटकांना काम कळत होतं आणि वालचंदना पैशाचं वेळापत्रक कळत होतं. धंदा टिकायला दोन्ही लागतात.

घाटातला बोगदा आणि रिकाम्या हातांचा प्रश्न

पहिल्या महायुद्धानंतर वालचंद यांनी मोठी उडी घेतली. १९२० च्या सुमारास ते टाटांसोबत आले आणि टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीचा कारभार पाहू लागले. बोरघाटात मुंबई-पुणे रेल्वेसाठी बोगदे खोदण्याचं काम, तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणाऱ्या नळांचं काम अशी प्रचंड कामं या काळातली. पुढे सिंधू नदीवर कालाबागजवळचा पूल आणि ब्रह्मदेशात इरावतीवरचा पूल अशी कामंही त्यांच्या कंपन्यांनी केली. २७ जानेवारी १९२६ ला त्यांनी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी सुरू केली. हीच आजची एचसीसी.

एवढी मोठी कामं म्हटल्यावर मंदीची काळजी कशाला, असं वाटेल. खरं तर काम जितकं मोठं, तितकी त्यानंतरची पोकळी मोठी.

बोगद्यासाठी माणसं जमवावी लागतात. सुरुंगवाले, फिटर, सुतार, गवंडी, इंजिनिअर. यंत्रं विकत घ्यावी लागतात. काही वर्षं हा सगळा पसारा एका डोंगरात राबतो. एके दिवशी बोगदा आरपार होतो, गाडी सुरू होते, आणि दुसऱ्या दिवशी या सगळ्यांना काम नसतं. दुसरा बोगदा लगेच तयार नसतो. तो कधी निघेल हे ठेकेदाराच्या हातातही नसतं.

माणसं सोडून द्यावीत, तर पुढच्या कामाला तीच माणसं मिळत नाहीत. सांभाळावीत, तर पगार कुठून द्यायचा? जुना असो वा नवा, प्रत्येक ठेकेदार याच पेचात सापडतो.

ठेकेदाराची मंदी दोन प्रकारची असते. एक पावसाळ्याची. ती दरवर्षी येते, तारीख साधारण माहीत असते. तिची तरतूद दर भरतानाच करता येते. बारा महिन्यांचा खर्च आठ महिन्यांच्या कामातून निघायला हवा, एवढं भान ठेवलं की पुरतं. दुसरी मंदी सरकारने हात आखडता घेतल्यावर येते. ती किती वर्षं चालेल, कुणालाच सांगता येत नाही.

वालचंद यांच्या काळात ही दुसरी मंदी पुन्हा पुन्हा आली.

एकच माणूस, दोन ठिकाणी आडवा

१९२२-२३ मध्ये सरकारने खर्चकपातीसाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते लॉर्ड इंचकेप. या समितीने रेल्वेसह अनेक खात्यांच्या खर्चाला कात्री सुचवली. रेल्वे आणि सरकारी खाती हेच ज्याचं गिऱ्हाईक, त्या ठेकेदाराला ही बातमी काही गोड लागणारी नव्हती.

गंमत म्हणजे हेच लॉर्ड इंचकेप पी अँड ओ या बलाढ्य ब्रिटिश जहाज कंपनीचे प्रमुख होते आणि समुद्रावर ते वालचंद यांचे प्रतिस्पर्धी होते.

झालं असं होतं की १९१९ मध्ये वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी वगैरे भागीदारांना घेऊन सिंधिया स्टीम नेव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून त्यांनी एक जहाज घेतलं. त्याचं नाव लॉयल्टी. ५ एप्रिल १९१९ ला हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. याच तारखेला आज देशात राष्ट्रीय सागरी दिन पाळतात.

अभिमानाची गोष्ट खरीच. पण हिशेबाच्या वहीत लॉयल्टी जड पडली. जुनं जहाज, चालवण्याचा खर्च मोठा. त्यात ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडले. १९२३ मध्ये लॉयल्टी भंगारात काढावी लागली. त्याच सुमारास ब्रिटिश कंपन्यांशी करार करून सिंधियाने किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीपुरतं आपलं क्षेत्र मान्य केलं.

माघार वाटेल, पण कंपनी जगली. १९२९ मध्ये वालचंद सिंधियाचे अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत राहिले. उभं राहिलं तरी खाणारं यंत्र वेळेत सोडून द्यावं, हा धडा त्यांनी फार लवकर आणि फार महागात घेतला.

माळरानावरचा ऊस

१९२९ नंतर जगभर महामंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले, सरकारचं उत्पन्न घटलं, पुन्हा काटकसर सुरू झाली. नव्या मोठ्या बांधकामांसाठी हा काळ चांगला नव्हता.

नेमक्या याच वर्षांत वालचंद दोन माळरानांवर ऊस लावत होते.

पहिली जागा मालेगाव तालुक्यातलं रावळगाव. दीडेक हजार एकर खडकाळ, नापीक जमीन. ती लागवडीखाली आणायचं काम इंजिनिअर आणि रसायनतज्ज्ञांच्या हाती दिलं गेलं. १९३३ मध्ये रावळगाव शुगर फार्म ही कंपनी उभी राहिली. दुसरी जागा पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातलं कळंब. तिथे १९३४ मध्ये साखर कारखाना सुरू झाला आणि त्या वसाहतीला नाव मिळालं वालचंदनगर.

वेळही नेमकी साधली गेली. १९३२ मध्ये सरकारने देशी साखरेला संरक्षण देणारा कायदा केला. जावाहून येणाऱ्या साखरेवर भारी जकात बसली आणि काही वर्षांतच देशातल्या कारखान्यांची संख्या शंभराच्या वर गेली.

बांधकामाची मंदी भरून काढण्यासाठीच वालचंद साखरेत गेले, असं म्हणण्याची गरज नाही. पण तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की एक जुळणी दिसते. माळरान सपाट करणं, पाट काढणं, चाळी बांधणं, रस्ते करणं, कारखान्याचा पाया घालणं, यंत्रं बसवणं, हे सगळं ठेकेदाराचंच काम. फरक एवढाच की यासाठी टेंडर भरायला लागत नव्हतं. काम देणारा आणि करणारा एकच होता.

आता कुणी म्हणेल, उसाचा हंगामही पावसाळ्यानंतरच सुरू होतो. बांधकामाचा हंगामही तोच. मग पावसाळ्यातली पोकळी भरली कशी?

बरोबर शंका आहे. गाळप दसरा-दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि उन्हाळ्यात संपतं. साखर कारखान्यामुळे पावसाळ्यातल्या गवंड्याला काम मिळत नाही. फार तर फिटर आणि वर्कशॉपच्या कामगारांना मिळतं, कारण ऑफ सीझनमध्ये कारखाना खोलून त्याची दुरुस्ती चालते.

साखरेने भरून निघाली ती वर्षांची पोकळी. सरकारचं बजेट आटलं म्हणून लोक चहात साखर घालायचं थांबत नाहीत. साखर बाजारात विकली जाते आणि तिचे पैसे बाजार देतो. तिथे मोजमाप पुस्तिका नाही, मंजुरीची फाईल नाही, अडकवून ठेवलेली अनामत नाही. रेल्वे, महापालिका आणि सरकारी खाती यांच्या बिलांवर जगलेल्या माणसाला पैसे देणारा दुसरा हात मिळाला होता.

१९३० च्या दशकातच टाटा त्या बांधकाम कंपनीतून बाजूला झाले आणि तिचं नाव प्रीमियर कन्स्ट्रक्शन झालं. १९४० च्या दशकात रावळगावात साखरेपासून गोळ्या बनू लागल्या. ज्या माणसाच्या कंपनीने घाटात बोगदे खणले, त्याचा माल आता शाळेबाहेरच्या टपरीवरच्या बरणीत पोचला. एक गिऱ्हाईक लाखो रुपयांचं बिल महिनोन् महिने थकवणारं, तर दुसरं आण्या-पैशाचं, पण रोख देणारं.

जिथे गिऱ्हाईक सरकारच होतं

वालचंद यांचा पुढचा प्रवास पाहिला की हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो.

डिसेंबर १९४० मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरमध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. दुसरं महायुद्ध चालू होतं, विमानांची गरज होती. १९४१ मध्ये इथे तयार झालेलं पहिलं विमान उडालंही. पण लढाऊ विमानं विकत घेणारं गिऱ्हाईक देशात एकच होतं, सरकार. १९४२ मध्ये जपान पूर्वेकडून जवळ आला, तेव्हा सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. आजची एचएएल ती हीच.

जहाजबांधणीचंही तसंच. २१ जून १९४१ ला विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. पुढच्याच वर्षी त्या शहरावर जपानी बॉम्ब पडले. तरीही काम पुढे गेलं आणि १४ मार्च १९४८ ला पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते जलउषा हे जहाज पाण्यात उतरलं. जहाजबांधणीला मात्र सतत नवी ऑर्डर आणि सरकारी आधार लागतो. गोदी रिकामी राहिली की रोजचा खर्च अंगावर येतो. १९५२ मध्ये सरकारने या गोदीतला दोन तृतीयांश हिस्सा घेतला.

ही दोन्ही कामं देशासाठी मोलाचीच. मात्र धंद्याच्या नजरेने पाहिलं तर ठेकेदारीतला जुना धोका इथे वेगळ्या रूपात परत आला होता. काम बदललं होतं, पैसे देणारा तोच राहिला होता.

याउलट १९४४ मध्ये कुर्ल्याला उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाईल्स पाहा. तिची गाडी विकत घेणारे टॅक्सीवाले, डॉक्टर, व्यापारी असे हजारो वेगवेगळे लोक होते. पुढची कित्येक दशकं मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटलं की प्रीमियरचीच गाडी डोळ्यांसमोर यायची.

वालचंदनगरला कारखान्याच्या वर्कशॉपमधून वेगळाच धंदा निघाला. साखर कारखान्यांची यंत्रं बनवता बनवता ही कंपनी सिमेंटच्या यंत्रांपर्यंत आणि पुढे इस्रोच्या रॉकेटच्या भागांपर्यंत पोचली. रिकाम्या दिवसांत दुरुस्ती करणाऱ्या हातांत कसब असेल, तर दुरुस्तीचंच उत्पादन होतं, याचं हे उदाहरण.

शेवट आणि शिल्लक

इतका पसारा एका माणसाच्या अंगावर होता. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कारभारातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी शेवटपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला आज त्यांचं नाव आहे.

त्यांनी लावलेल्या झाडांपैकी सगळीच कायम हिरवी राहिली नाहीत. सिंधिया कंपनी काळाच्या ओघात मागे पडली. प्रीमियरच्या गाड्या रस्त्यावरून गेल्या. २०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्यांचे ब्रँड रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटी रुपयांना विकत घेतले. एचसीसीने मुंबईचा वांद्रे-वरळी सी लिंक बांधला, पण सरकारी खात्यांकडे अडकलेले दावे आणि कर्ज यांच्याशी तिलाही झगडावं लागलं. म्हणजे शंभर वर्षांचं नाव असलं तरी थकलेलं बिल कुणाला सोडत नाही.

मग कळवणच्या छोट्या ठेकेदाराने यातून घ्यायचं काय? दीड हजार एकर त्याच्याकडे नाहीत आणि पेढीची पतही नाही.

हिशेब मात्र तोच आहे. पावसाळा दरवर्षी येतो, म्हणून त्याचा खर्च टेंडरच्या दरातच धरायचा. जे यंत्र वर्षातून तीन महिनेच लागतं, ते हप्त्यावर घेण्याआधी भाड्याने मिळतं का ते पाहायचं. चांगला मुकादम आणि चांगला गवंडी पहिल्या मंदीत सोडायचा नाही, कारण ती माणसं गेली की पुढचं काम तोट्यात जातं. आणि जोडधंदा करायचाच, तर आधी एक प्रश्न विचारायचा. इथे पैसे कोण देणार? उत्तर पुन्हा तेच खातं असेल, तर जोडधंदा कितीही वेगळा दिसला तरी त्याची मंदी मूळ धंद्यासोबतच येणार. कांद्याची चाळ बांधून देणं, घरांची दुरुस्ती, विटा-ब्लॉक बनवून विकणं, ही कामं लहान आहेत. पण त्यांचे पैसे शेतकरी देतो, घरमालक देतो. त्यासाठी मार्चअखेरीची वाट पाहावी लागत नाही.

वालचंद हिराचंद यांचं नाव जहाज आणि विमानांमुळे इतिहासात गेलं. त्यांच्यातला ठेकेदार समजून घ्यायचा असेल, तर मात्र गिरणेच्या काठाने खाली जाऊन रावळगावचं शिवार पाहावं.